व्हीआरएस घेतली, आता कालव्यावर राहायचंय! (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : ताई नमस्कार. मी ५४ वर्षांचा, बँकेतून व्हीआरएस घेतलीय. मुलगा इंग्लंडात रेडिंगला असतो. त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा तिथल्या कालव्यात लांबलचक अरुंद बोटी बघितल्या, आमच्याच वयाची रिटायर झालेली जोडपी त्यात राहतात आणि गावोगाव फिरतात, तेव्हापासून डोक्यात तेच आहे. एक बोट विकत घ्यायची, सहा महिने तिकडे, सहा महिने इंदूरला, असा प्लॅन. पण बायको म्हणते इथं दार उघडलं की चार माणसं विचारपूस करतात, तिथं पाण्यावर मी बोलू कुणाशी, आणि माझं इंग्लिश हे असं. तिला कसं समजवू?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : दादा, वहिनींना समजवायच्या आधी तुम्हीच दोन गोष्टी समजून घ्या, कारण त्यांचा प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर चांगलं आहे.

पहिलं म्हणजे बोट विकत घेऊ नका, निदान आत्ता तरी नाही. व्हिजिटर व्हिसावर ब्रिटनमध्ये एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने राहता येतं, पण परत परत जाऊन तिथं जवळजवळ राहायलाच लागलात असं दिसलं तर ते नियमात बसत नाही. दुसरी अडचण बोटीची. तिथं दोन हजार मैलांच्या आसपास जलमार्ग कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टकडे आहेत, २०१२ पासून ते बघतात. ज्यांच्या बोटीला कायमची जागा नाही त्यांना १९९५ च्या कायद्याप्रमाणे सतत फिरतं राहावं लागतं, एका ठिकाणी १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. म्हणजे तुम्ही सहा महिने इंदूरला आलात की ती बोट फिरवणार कोण? मग मरिनात, म्हणजे बोटी ठेवायच्या धक्क्यावर, भाडं भरून ठेवा, वर लायसन्स, विमा, दर चार वर्षांनी सेफ्टी सर्टिफिकेट, आणि हिवाळ्यात पाइपातलं पाणी गोठून काही फुटलं तर इथं बसून फोन करत राहा. त्यापेक्षा दोन-तीन आठवडे भाड्याची बोट घ्या. ती चालवायला लायसन्स लागत नाही, कंपनीवाले निघताना सगळं शिकवून हातात देतात.

आता वहिनींचं. तुम्ही बघितलेली ती अरुंद बोट म्हणजे नॅरोबोट, ती असते जेमतेम सात फूट रुंद आणि पन्नास-साठ फूट लांब, काही तर सत्तर फूट. सुकाणू मागच्या टोकाला. जो चालवतो तो तिथं एकटा उभा असतो आणि इंजिनाच्या आवाजात कुणाशी धड बोलताही येत नाही. दुसरा माणूस काठावर उतरून लॉक उघडतो. लॉक म्हणजे पाण्याचा जिना समजा, दोन्हीकडे दरवाजे असलेला हौद, त्यात बोट घ्यायची, पाणी भरायचं किंवा सोडायचं, आणि वरच्या किंवा खालच्या पातळीवर निघून जायचं. बहुतेक ठिकाणी हे काम बोटवाल्यांनी स्वतःच करायचं असतं. आणि सगळ्या गप्पा तिथंच होतात हो! पाणी भरायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, तेवढा वेळ लॉकमधल्या आणि बाहेर थांबलेल्या बोटीची माणसं दरवाजा ढकलायच्या लांब लाकडी दांड्याला टेकून उभी असतात, करायला दुसरं काही नसतं, कुठून निघालात, कुठवर जाणार, पुढे पिण्याच्या पाण्याचा नळ किती लांब, कुत्र्याचं नाव काय. आपले परिक्रमावासी भेटले की नर्मदे हर म्हणून लगेच विचारतात ना, परिक्रमा कुठून उचलली, तसंच. त्यामुळे एकटं कुणी पडणार असेल तर ते सुकाणू धरून बसलेले तुम्ही, वहिनी नाही! बहुतेक जोडप्यांत नवरा सुकाणूवर आणि बायको लॉकवर असते, मला स्वतःला हे पटत नाही कारण अंगमेहनत सगळी लॉकवर आहे, तेव्हा अर्धा दिवस एकाने आणि अर्धा दिवस दुसऱ्याने असं ठेवा म्हणजे दोघांच्याही ओळखी होतील.

मुलगा रेडिंगला आहे हे तर फारच छान, कारण केनेट अँड एव्हन कालवा तिथूनच सुरू होऊन ब्रिस्टलपर्यंत ८७ मैल जातो. तो १८१० साली पूर्ण झाला, पुढे रेल्वे आल्यावर मागे पडला आणि विसाव्या शतकात बरीच वर्षं सलग वापरता येत नव्हता, स्वयंसेवकांनी अनेक वर्षं चिखल काढून, लॉक दुरुस्त करून तो जिवंत केला आणि १९९० मध्ये राणी एलिझाबेथच्या हस्ते परत सुरू झाला. इथले लॉक रुंद आहेत, चौदा फुटांच्या आसपास, म्हणजे दोन नॅरोबोटी शेजारी शेजारी मावतात. पाणीही वाचतं आणि कामही निम्मं होतं, म्हणून मागून येणाऱ्या बोटीसाठी थांबायची तिथं पद्धतच आहे. डेव्हायझेसला केन हिल म्हणून चढण आहे, दोन मैलांत २९ लॉक, त्यातले १६ तर एका सरळ रेषेत टेकडीवर चढत गेलेले. आम्ही तिथं एका अनोळखी जोडप्याच्या बोटीबरोबर जोडी लावून चढलो. त्यातल्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. मी दोन्ही हातांनी दांडा ढकलत होते आणि दरवाजा काही हलेना, त्यांनी शब्द न बोलता मला खांद्याला धरून वळवलं, पाठ दांड्याला टेकवली, आणि जमिनीत अर्धगोलात उंच बसवलेल्या विटा असतात त्यांवर माझ्या टाचा ठेवून दाखवल्या. विटा त्याचसाठी असतात, पाय घसरू नये म्हणून. मग नुसतं मागे रेललं की टनावारी लाकूड हळूहळू सरकतं. वर पोचेपर्यंत आमचं मोडकं इंग्लिश कुणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं, संध्याकाळी त्यांच्याकडे चहा आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोहे, आजही दिवाळीला त्यांचा फोन येतो.

वेग कमी असतो तेही कामाचं. मर्यादा ताशी ४ मैल, प्रत्यक्षात त्याहूनही हळू, काठावरून चालणारा माणूस पुढे निघून जातो. त्यामुळे आज भेटलेली बोट उद्या परत भेटते, परवा तुमच्या पुढे बांधलेली असते. माणसांची नावं विसरतात पण बोटीचं नाव लक्षात राहतं. आणि मैत्री बिघडवायची असेल तर एकच करा, काठाला बांधलेल्या बोटींजवळून जोरात जा, लाटेने त्यांच्या कपबशा हलतात, खुंट्या उपटतात, मग कुणी तोंड बघणार नाही. तिथं इंजिन अगदी मंद करायचं. तसंच लॉकमधलं पाणी समोरून येणाऱ्या बोटीच्या पातळीला असेल तर आधी तिला येऊ द्यायचं. एवढं पाळलं की लोक आपणहून हात करतात.

प्रश्न : आपल्या नर्मदेत असं फिरता येणार नाही का? स्वतःची बोट टाकायची आणि निघायचं. परदेश कशाला?
— बडोद्याचे एक वाचक

उत्तर : मनापासून वाटतं यावं, पण आज नाही येत. नर्मदेवर बर्गी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर अशी धरणं आहेत आणि त्यांतून बोट वरखाली न्यायला लॉक नाहीत, म्हणजे नदी बोटवाल्याच्या दृष्टीने तुकड्यातुकड्यांची झाली. महेश्वरला घाटावरून नाव करून नदीतल्या बाणेश्वराच्या देवळापर्यंत जाऊन या, तो आनंद वेगळाच, पण प्रवास नव्हे. २०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग झाले, त्यात नर्मदेचंही नाव आहे, पण तिथं विचार मुख्यतः मालवाहतुकीचा. गंगेवर फरक्क्याला लॉक आहे आणि २०२३ मध्ये वाराणसीहून दिब्रुगडपर्यंत ५१ दिवसांची क्रूझ निघाली, पण ते मोठं जहाज, तुम्ही पॅसेंजर.

आपल्याकडे सगळ्यात जवळ जाणारं म्हणजे केरळ. मात्र हाऊसबोटीवर चालवणारे, स्वयंपाकी सगळे असतात, आपण नुसतं बसायचं, आणि संध्याकाळी कोळ्यांची जाळी पडतात म्हणून बोट बांधून ठेवतात. त्यापेक्षा अलप्पुळा ते कोट्टायम सरकारी बोटीने जा, तिकीट अगदी स्वस्त, शेजारी शाळेची पोरं आणि बाजाराला निघालेल्या बायका. ओळखी तिथं होतात.

प्रश्न : मला पोहता येत नाही आणि गुडघेही कुरकुरतात. झेपेल का?
— सुदामा नगर, इंदूर

उत्तर : झेपेल. इंग्लंडातले कालवे बहुतेक ठिकाणी उथळ असतात, तीन-चार फूट, पडलात तर उभ्या राहाल. भीती कालव्याची नाही, लॉकची आहे. लाइफजॅकेट मागून घ्या आणि तिथं घालाच. लॉकमधून खालच्या पातळीला उतरताना वरच्या दरवाज्याच्या पायाशी दगडी उंबरा असतो, तो पाण्याखाली असल्यामुळे दिसत नाही, बोटीचं मागचं टोक त्यावर अडकलं तर पाणी उतरेल तशी बोट पुढे कलते आणि बुडतेही. काठावर पांढरी खूण केलेली असते, बोट तिच्या पुढे ठेवायची, आणि चालवणाऱ्याने लक्ष हटवायचं नाही, फोटो नंतर. लॉकमध्ये पाणी आत-बाहेर सोडायच्या खिडक्या उघडायचा लोखंडी हँडल असतो त्याला विंडलास म्हणतात, तो काम झालं की काढून हातात घ्या, खिडकी अडवून धरणारी खिटी सुटली तर गरगर फिरून उडतो. आणि ओल्या दरवाज्यांवरून उड्या नकोत. गुडघ्यांसाठी सांगते, दरवाजा पाठीने ढकला, आणि शिडी चढायची वेळ आली तर दुसऱ्याला पाठवा.

प्रश्न : मुलगी शिकागोला असते. तिच्या ओळखीचे एक रिटायर्ड जोडपं बोटीने अमेरिकेला मोठा वळसा घालतंय म्हणे, रोज संध्याकाळी बोटवाले एकत्र जमतात, पितात. आम्ही शाकाहारी, न पिणारे, आम्ही तिथं काय करणार?
— एक वाचक

उत्तर : तो ग्रेट लूप. फ्लोरिडाहून किनाऱ्याने वर, हडसन नदी, १८२५ चा ईरी कालवा, मोठी सरोवरं, शिकागो, मग नद्यांनी खाली परत समुद्रापर्यंत, ६००० मैलांच्या आसपास, बहुतेकांना वर्षभर लागतं. फिरत असताना पांढरा झेंडा लावतात, वळसा पूर्ण झाला की सोनेरी, त्यामुळे अनोळखी धक्क्यावरही कळतं की हा आपल्यातला. संध्याकाळच्या जमण्याला डॉकटेल म्हणतात, प्रत्येकाने आपलं पेय आणि सगळ्यांसाठी एक प्लेट आणायची. ग्लासात काय आहे कुणी बघत नाही हो, प्लेट बघतात! इंदूरहून शेव आणि जिरावणाची पुडी न्या, उकडलेल्या बटाट्याच्या फोडींवर भुरभुरा आणि बघा. एक काम आधी करा, दोघांची नावं, फोन आणि बोटीचं नाव असं कार्ड छापून न्या, तिथं सगळे कार्ड देतात. व्हिजिटर व्हिसावर साधारण सहा महिनेच मिळतात त्यामुळे अख्खा लूप नको, ईरी कालव्यावर भाड्याच्या बोटी मिळतात, तेवढा तुकडा करा.

प्रश्न : पहिल्यांदाच जायचं तर कुठे आणि कधी?
— बऱ्याच जणांनी विचारलंय

उत्तर : अगदीच धाकधूक असेल तर वेल्समधला लॅन्गॉलेन कालवा. ट्रेव्हरहून बोट घ्या, तिथंच पॉन्टकसल्टी हा १८०५ चा पूल आहे, बोट लोखंडी पन्हळीतून नदीच्या ३८ मीटर वरून जाते, एका बाजूला कठडाच नाही! मात्र ट्रेव्हर ते एल्समियर लॉक दोनच, म्हणजे शिकायला सोपं पण ओळखी कमी. आठवड्यापेक्षा जास्त वेळ असेल तर मी केनेट अँड एव्हनच सांगेन. जुलै-ऑगस्टमध्ये शाळांना सुट्ट्या असतात, गर्दी आणि भाडं दोन्ही वाढतं, नोव्हेंबर ते मार्च दुरुस्तीसाठी कुठले ना कुठले लॉक बंद असतात. तेव्हा मे किंवा सप्टेंबर धरा, आणि मे हवा असेल तर व्हिसाचे कागद आत्तापासून गोळा करायला लागा.