अमेरिकेतील कॅसिनो कंपनी केंद्रीय लॉबिंगवर किती खर्च करते, हे कसे कळते?

लास व्हेगास सँड्ससारखी कंपनी वॉशिंग्टनमध्ये लॉबिंगवर, म्हणजे कायदे व धोरणे आपल्याला अनुकूल व्हावीत म्हणून लोकप्रतिनिधी व अधिकाऱ्यांवर प्रभाव टाकण्यावर, किती पैसा खर्च करते, हे सामान्य माणसाला तपासता येते का, असा आपला प्रश्न आहे. येते. १९९५ च्या लॉबिंगविषयक कायद्यानुसार आणि २००७ च्या दुरुस्तीनंतर कंपनीला दर तिमाही संपल्यावर वीस दिवसांत अहवाल द्यावा लागतो आणि तो कोणालाही विनामूल्य पाहता येतो. त्यात खर्चाची रक्कम जवळच्या दहा हजार डॉलरच्या पटीत दिलेली असते, ‘जीएएम’ म्हणजे जुगार व कॅसिनो असा विषयसंकेत असतो आणि कोणत्या सभागृहाशी किंवा खात्याशी संपर्क साधला, याचीही नोंद असते.

बेरीज करताना एक चूक हमखास होते. कंपनीच्या आकड्यात बाहेरच्या लॉबिंग संस्थांना दिलेली फी धरलेलीच असते आणि त्या संस्था तीच रक्कम आपले उत्पन्न म्हणून वेगळी दाखवतात; दोन्ही मिळवल्यास तोच पैसा दोनदा मोजला जातो.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते या आकड्याबाहेर राहणारे. तारेने (फोन वगैरेंवरून) राज्याबाहेर सट्टा लावण्यास बंदी घालणारा १९६१ चा वायर कायदा केवळ खेळांवरील सट्ट्याला लागू होतो, असा अर्थ न्याय खात्याने २०११ मध्ये लावल्यामुळे इतर ऑनलाइन जुगाराला वाट मोकळी झाली; तो अर्थ पालटण्यासाठी २०१४ मध्ये काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, विधेयक आले आणि ऑनलाइन जुगाराचे कडवे विरोधक असलेले कंपनीचे संस्थापक शेल्डन अ‍ॅडेल्सन त्यामागे उभे राहिले. त्यांच्या वैयक्तिक निवडणूक देणग्या मात्र लॉबिंगच्या खर्चात धरल्या जात नव्हत्या. त्या केंद्रीय निवडणूक आयोगाच्या नोंदींत पाहाव्या लागतात.