आईचा गुडघा बदलायचं ऑपरेशन मिरजेत 'रोबोट' करणार म्हणतात. मग डॉक्टर काय करणार?

बहुतेक यंत्रांत करवत डॉक्टरच चालवतात हो! मांडीच्या आणि नडगीच्या हाडात पिना बसवून त्यावर खुणेचे चेंडू लावतात, कॅमेरा ते बघत असतो. पाय जरा हलला तरी यंत्राला कळतं. काही यंत्रांत आधी सीटी स्कॅनवरून हाड किती कापायचं ते ठरवतात. ती हद्द ओलांडली की करवत थांबते. शेताचा बांधच समजा. (पोटाच्या ऑपरेशनचा 'दा विंची' नावाचा रोबोट वेगळा, त्यात डॉक्टर बाजूला बसून यंत्राचे हात चालवतात.)

खर्च वाढतो, व्यायाम मात्र चुकत नाही. माझ्या मामी दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभ्या राहिल्या, पण गुडघा वाकवताना सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला होता. यंत्रापेक्षा डॉक्टरांनी अशी किती ऑपरेशनं केलीत, ते आधी विचारा.