आधी तास सांग

पोरी,

दुकानदाराचा कागद पाहिला, तुझ्या मामाचा निरोपही वाचला. दुकानदार म्हणतो, नवी १० एचपीची आयई-थ्री, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या वर्गातली मोटर १८,००० रुपयांनी महाग, पण सहा महिन्यांत फिटते. मामा म्हणतो, भरलेली घे, म्हणजे आतली तांब्याची तार, वाइंडिंग, नव्याने गुंडाळलेली जुनी, पीठ दोन्हीकडून सारखंच पडतं. आणि तू विचारतेस, खरं कोण बोलतंय! अगं, तुझी गिरणी रोज किती तास चालते, ते चार पानांत कुठेच नाही.

कागद पुन्हा काढ. तासाला १ युनिट वाचेल असं त्याने धरलंय. दोनदा भरलेल्या जुन्या मोटरशी तुलना केली तर ते अगदीच थाप नाही. पण खालची ओळ बघ: रोज १२ तास, ३६५ दिवस. झाले ४,३८० तास. युनिटला ८ रुपयांच्या हिशेबाने ३५,०४० रुपये. तुझे बाबा सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास गिरणी लावायचे, सोमवारी बंद. सणवार वजा करून ३०० दिवस धर. १,२०० तास, ९,६०० रुपये. म्हणजे सहा महिन्यांची जवळपास दोन वर्षं झाली. तेही मोटरवर पूर्ण भार असेल तर. दाणा संपून मोटर नुसती घुमते तेव्हा फरक आणखी कमी. मोटर तीच, दर तोच, फक्त तास बदलले.

मामा जिंकला असं समजू नकोस. त्याच्या हिशेबात तर तास मुळीच नाहीत. दिवाळीच्या तोंडावर भाजणीचे डबे रांगेत आणि मोटर भरायला माझ्या दुकानात, असे तीन दिवस तुझ्या बाबांनी काढलेत. ती गिऱ्हाइकं पलीकडच्या गल्लीत गेली, काही परत आली नाहीत. बंद पडलेले तासही मोजायचे असतात.

ती मोटर मीच भरली होती. आता तुझ्याकडे रडतखडत चालतेय तीच. जुनं वाइंडिंग चटकन निघावं म्हणून मी स्टेटर, म्हणजे मोटरचा न फिरणारा बाहेरचा भाग, सरळ जाळायचो. त्या धगीत गाभ्याच्या पातळ लोखंडी पत्त्यांमधला इन्सुलेशनचा थर जातो, मग गाभा तापतो आणि वीज उष्णतेत जाते. बाबा म्हणाले, ‘मोटर गरम लागतेय.’ मी म्हणालो, ‘नवीन वाइंडिंग आहे, बसेल हळूहळू.’ बसत वगैरे काही नाही. माझं बिल एकदाच आलं, वीजबिल त्यांना दर महिन्याला येत राहिलं.

पण तेव्हा रात्रीत मोटर भरून देणारा गावात दुसरा कोण होता? पाणी द्यायची वेळ आली की विहिरीवरची मोटर आठ दिवस थांबत नाही. आणि ज्याची मोटर दिवसाला तासभर चालायची, त्याला माझी मोटर खरंच स्वस्त पडली, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन. ज्यांची दिवसभर चालायची, त्यांना मी हा प्रश्न कधी विचारला नाही, एवढंच. एवढंच म्हणतोय, पण ते थोडं नाही.

कुणी तारेभोवती पकडून करंट मोजणारं क्लॅम्प मीटर लावून ‘बघा, अँपिअर किती कमी!’ म्हणालं तर चहा पाज आणि वाटेला लाव. अँपिअर म्हणजे युनिट नव्हे, मध्ये पॉवर फॅक्टर असतो, म्हणजे ओढलेल्या करंटपैकी खरोखर कामाला किती येतो तो हिस्सा. त्यापेक्षा मीटरचा आकडा लिहून १ क्विंटल गहू दळ, परत आकडा लिही. मामाची मोटर चार दिवस मागून आण, जात्याच्या दगडांमधलं अंतर न हलवता तेच कर. ‘महाग ते टिकतं’ असं कुणी म्हणालं तरी विचार, किती तास?

महिनाभर वही ठेव. मोटर सुरू कधी, बंद कधी, दाणा नसताना किती घुमली, सगळं लिही. मीटरशेजारी खिळ्याला पेन्सिल बांध, नाहीतर पिठाच्या हाताने लिहायचा तुला कंटाळा येईल. तोवर मला फोन करून ‘काका, कोणती घेऊ’ विचारायचं नाही. बेअरिंग फारच ओरडायला लागलं तर मात्र कर, मी येऊन बदलून देतो. त्याचे पैसे घेणार नाही.

तुझा काका