पुण्यासारख्या उष्ण हवेत घरच्या बागेत आर्टिचोक घेता येईल का?

आर्टिचोक म्हणजे न उमललेली फुलाची कळी भाजी म्हणून खाल्ली जाते ते झाड. तुमचे रोप हिवाळाभर नुसती पाने देत राहिले, कळी धरलीच नाही आणि पुढे पावसाळ्यात ते कुजले. तेव्हा पुण्याच्या उन्हात या पिकाचा नाद सोडावा का, असे तुम्ही विचारले आहे. नाद सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र आर्टिचोकला बारमाही झाड मानणे सोडावे आणि त्याला करडईप्रमाणे रब्बीचे पीक समजून वाढवावे.

करडई आणि आर्टिचोक ही एकाच कुळातली झाडे आहेत. करडईचे काटेरी बोंड पाहिलेल्याला आर्टिचोकची कळी लगेच ओळखीची वाटते. भूमध्य समुद्राकाठच्या मूळ प्रदेशात हे झाड ओल्या, सौम्य हिवाळ्यात वाढते आणि कोरड्या उन्हाळ्यात विश्रांती घेते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हाने ते मलूल होते आणि नेमक्या त्याच अवस्थेत त्याच्या मुळांशी पावसाचे पाणी मुरू लागते, त्यामुळे काळ्या मातीत त्याचा गड्डा, म्हणजे मुळांवरचा जाड बुंधा, सडायला वेळ लागत नाही. तुमचे रोप गेले ते बहुधा उन्हाने नव्हे, पाण्याने.

कळी न धरण्याचे कारण वेगळे आहे. फुलावर येण्यासाठी या झाडाला साधारण 10 अंशांखालची थंडी काही शे तास मिळावी लागते, आणि पुण्यात तसा गारवा डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेच काय तो असतो. म्हणून वाणाची निवड सर्वांत महत्त्वाची ठरते. ‘ग्रीन ग्लोब’ हा जुना वाण जास्त थंडी मागतो; ‘इम्पिरिअल स्टार’ मात्र बियांपासून लावून त्याच हंगामात कळ्या मिळाव्यात याच हेतूने कॅलिफोर्नियात निवडलेला आहे. आपण तोच घ्यावा.

बी ऑगस्टच्या उत्तरार्धात, पाऊस लागणार नाही अशा जागी, कोकोपीट आणि गांडूळ खताच्या मिश्रणात पेरावे. अंकुर नुकताच फुटलेले बी ओलसर कागदात गुंडाळून दोन-तीन आठवडे फ्रिजमध्ये ठेवले, तर थंडीची काही गरज तिथेच भागते. हे करायचे असेल तर पेरणीची तयारी तितकी आधी सुरू करावी. परतीचा पाऊस ओसरला की ऑक्टोबरमध्ये चार-पाच पानांची रोपे गादीवाफ्यावर तीन-तीन फुटांवर लावावीत. लागवड नोव्हेंबरअखेरपर्यंत रेंगाळली, तर ऐन थंडीत रोप लहानच राहते आणि ती थंडी वाया जाते. गच्चीवर करायचे असल्यास एका रोपाला निदान 40 लिटरची कुंडी किंवा ग्रो बॅग हवी, कारण पानांचा घेर पाहता पाहता चार फुटांवर जातो.

एवढे करूनही खात्री हवी असेल, तर जिबरेलिक आम्लाचा मार्ग आहे. आपले द्राक्ष बागायतदार ‘जीए’ म्हणून जे वापरतात तेच हे संजीवक (झाडाच्या वाढीवर परिणाम करणारे द्रव्य), आणि उष्ण प्रदेशांतील आर्टिचोक उत्पादक थंडीची उणीव त्याच्या फवारणीने भरून काढतात. प्रमाण अगदी अल्प, म्हणजे लिटरला सुमारे 20 मिलिग्रॅम असते. घरच्या चार रोपांसाठी मला ते आवश्यक वाटत नाही.

भरपूर शेणखत आणि सतत वाफसा (माती ओलसर, पण चिखल नाही अशी स्थिती) या दोन गोष्टींवर हे पीक उभे राहते. पाण्याचा ताण पडला की कळीच्या खवल्यांची टोके काळी पडतात. पालापाचोळ्याचे जाड आच्छादन द्यावे, पण ते गड्ड्याला चिकटवू नये. मावा आतल्या कोवळ्या पानांच्या खालच्या बाजूला लपतो. वरून पाहून तो दिसत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा पाने उलटून पाहावीत, पाण्याच्या जोरदार धारेने तो धुऊन काढावा आणि नंतर निंबोळी अर्क फवारावा.

कळ्या साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात आणि इथे घाई करावी लागते. पारा 30 अंशांपलीकडे गेला की कळी लवकर उघडते आणि खवले चिवट होतात. खवले घट्ट मिटलेले असताना, कळी मुठीत दाबली की करकरते तेव्हा, दोन-तीन इंच देठ ठेवून ती कापावी. शेंड्याची कळी आधी घेतली की खालच्या फांद्यांवरच्या लहान कळ्या पोसतात.

एप्रिलनंतर झाड उपटून कंपोस्टमध्ये टाकावे. फारच जीव जडला असेल, तर बुडापासून फुटलेले एखादे पिल्लू मुळांसकट वेगळे करून निचऱ्याच्या कुंडीत लावावे, दुपारच्या उन्हापासून दूर ठेवावे आणि जूनमध्ये ती कुंडी आठवणीने छपराखाली न्यावी.