सेकंड हँड एक्सआर १८ मिक्सरचा वायफाय पासवर्ड माहीत नाही, रिसेट कसा करायचा?

भाऊ, रिसेटचं बटण दाबायला पिन हातात घेतली असेल तर आधी बाजूला ठेवा. तुम्ही लिहिलंय की बेहरिंगरचा एक्सआर १८ (फोन-टॅबलेटवरून चालणारा डिजिटल साउंड मिक्सर) सेकंड हँड घेतला, आधीच्या मालकाने वायफायला पासवर्ड टाकलाय, तो आता फोन उचलत नाही आणि शनिवारी नाशिकला पंचवटीत भजनसंध्या आहे. पासवर्डचं काम होऊन जाईल, त्याचं टेन्शन नको. पण मिक्सरमध्ये त्या माणसाने बसवलेलं ईक्यू, गेन, मॉनिटरचे सेंड असं आवाजाचं सगळं सेटिंग असणार आणि तुम्ही नवीन आहात तर ते फार कामाचं आहे, ते आधी वाचवा.

पासवर्ड वायफायला लागतो, वायरला लागत नाही. मिक्सरवर लॅनचं सॉकेट आहे आणि तीन पोझिशनचा एक छोटा स्विच आहे, इथरनेट (लॅनची वायर), वायफाय क्लायंट (दुसऱ्याच्या वायफायला जोडणं) आणि ॲक्सेस पॉइंट (मिक्सरचं स्वतःचं वायफाय). तो इथरनेटवर करा, घरच्या राउटरमधून लॅन केबल मिक्सरला लावा, लॅपटॉप त्याच राउटरवर घ्या आणि एक्स एअर एडिट हे मिक्सर चालवायचं सॉफ्टवेअर उघडा, फुकट मिळतं. मिक्सर दिसला की कनेक्ट करून पूर्ण सीन, म्हणजे मिक्सरचं सगळं चालू सेटिंग, लॅपटॉपमध्ये सेव्ह करा, मग सेटअपमध्ये नेटवर्कच्या पानावर जाऊन ॲक्सेस पॉइंटचा पासवर्ड तिथेच बदलून टाका, झालं, रिसेटची गरजच नाही.

आता आधीच्याने लॅनला फिक्स आयपी (कायमचा ठरलेला नेटवर्क पत्ता) देऊन ठेवला असेल तर मिक्सर दिसणारच नाही, मग मात्र रिसेट. ॲम्प आणि पॉवर्ड स्पीकर बंद, मिक्सर चालू. रिसेटचं बटण आत दबलेलं आहे, मोबाईलच्या सिमची पिन चालते. साधारण २ सेकंद दाबलं की फक्त नेटवर्कचं सेटिंग मूळ जागी येतं. १० सेकंद धरून ठेवलं तर अख्खा मिक्सर कोरा होतो. म्हणून मनात एक, दोन म्हणा आणि सोडून द्या, काही झालं की नाही ते बघायला धरून ठेवू नका.

मग स्विच ॲक्सेस पॉइंटवर करा. फोनच्या वायफाय यादीत एक्सआर १८ ने सुरू होणारं नाव दिसेल, पासवर्ड नसेल. इथे बरेच जण अडकतात, कारण या वायफायला इंटरनेट नसतं त्यामुळे अँड्रॉइड फोन कनेक्ट होऊन लगेच मोबाईल डेटावर पळतो आणि फोनवरच्या एक्स एअर ॲपमध्ये मिक्सर सापडत नाही. डेटा बंद करा आणि फोन विचारेल तेव्हा कनेक्ट राहू द्या. आयपी विचारला तर १९२.१६८.१.१ टाका.

आणि तसंच उघडं ठेवून प्रोग्रामला जाऊ नका हो! ॲप कोणीही डाउनलोड करू शकतं, समोर बसलेल्या एखाद्या पोराने जोडलं तर बुवांचा माइक त्याच्या बोटावर. आतल्या वायफायला फक्त वेप ही जुनी, कच्ची सिक्युरिटी आहे, पासवर्ड ५ किंवा १३ अक्षरांचाच लागतो, ६ किंवा ८ अक्षरांचा टाकला तर चालत नाही. एका वेळी ४ च डिव्हाइस जोडता येतात आणि बँड २.४ गिगाहर्ट्झचा.

माझं स्पष्ट मत, गर्दीत या आतल्या वायफायच्या भरवशावर राहू नका. रामकुंडाकडे किंवा गोदाघाटावर लोक जमले की शेकडो फोन त्याच २.४ वर असतात आणि टॅबलेट ऐन अभंगात डिस्कनेक्ट होतो. साधा ड्युअल बँड राउटर घ्या, एमजी रोडला मिळेल, स्विच परत इथरनेटवर करून लॅन केबलने मिक्सरला जोडा, ५ गिगाहर्ट्झ चालू करून डब्ल्यूपीए२ (वेपपेक्षा पक्की सिक्युरिटी) चा चांगला पासवर्ड टाका. राउटर रॅकमध्ये कोंबू नका, स्टँडवर माणसांच्या डोक्याच्या वर बांधा, सिग्नल माणसांच्या अंगात अडतो. नवीन पासवर्ड कागदावर लिहून मिक्सरच्या खालच्या बाजूला चिकटवा. आणि हे सगळं शुक्रवारपर्यंत घरी करून बघा, पासवर्ड बदलल्यावर फोनमधलं जुनं नेटवर्क फरगेट करून मगच परत जोडा.