गाठ पुन्हा दिसली म्हणजे पुन्हा ऑपरेशन?

गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजल्या की त्या आजाराला एंडोमेट्रिऑसिस म्हणतात. दर पाळीला त्या जागीही रक्त येतं. अंडाशयात ते साठून दाट, काळपट झालं की झाली चॉकलेट सिस्ट. ऑपरेशननंतर ही गाठ परत आल्याची पत्रं या वेळी सर्वांत जास्त होती. त्यांतली काही इथे घेतली आहेत, नावं गाळून.

माझं वय ३१. चौदा महिन्यांपूर्वी डाव्या बाजूची ६ सेंमीची चॉकलेट सिस्ट दुर्बिणीतून काढली. नंतर दर महिन्याला एक अशी तीन इंजेक्शनं झाली, पुढे काही औषध नव्हतं. आता त्याच बाजूला ३.२ सेंमीची गाठ आली आहे आणि लगेच ऑपरेशन करायला सांगितलं आहे. पहिलं ऑपरेशन फसलं का? (डोंबिवली)

ऑपरेशनची तारीख घेण्याआधी गाठ कसली आहे ते ठरू द्या. दर महिन्याला बीज पिकताना अंडाशयात दोन-अडीच सेंमीचा फुगा होतोच. एखाद्या महिन्यात तो फुटत नाही आणि तीन-चार सेंमीपर्यंत वाढतो. बीज बाहेर पडल्यावर त्या जागी रक्त साचूनही गाठ दिसते. या दोन्ही गाठी साधारण ६ ते १२ आठवड्यांत आपोआप जिरतात. एकदा चॉकलेट सिस्ट झालेल्या बाईच्या अंडाशयातली प्रत्येक गाठ चॉकलेट सिस्टच असते, असं मुळीच नाही.

रिपोर्टमधले शब्द नीट वाचा. ‘सिंपल’ किंवा ‘अ‍ॅनिकोइक’ म्हणजे आत स्वच्छ पाणी. ‘रेटिक्युलर’ किंवा ‘लेस-लाइक’ म्हणजे आत जाळी दिसते आहे, बहुधा ताजं रक्त. ‘ग्राउंड ग्लास’ म्हणजे दुधी काचेसारखं एकसारखं धूसर, आणि हे चॉकलेट सिस्टचं चिन्ह. यांतलं काहीच लिहिलेलं नसेल तर रेडिओलॉजिस्टना विचारायला संकोच करू नका. पुढची सोनोग्राफी ६ ते १२ आठवड्यांनी, पाळीच्या पाचव्या ते दहाव्या दिवसात, आतून (योनीमार्गातून) करायची आणि शक्यतो त्याच सेंटरमध्ये करून घ्या. हात बदलला की तीन-चार मिलिमीटरचा फरक सहज पडतो, आणि तेवढ्यावरून ‘गाठ वाढली’ म्हणून घरात रडारड होते. तिन्ही मापं लिहून घ्या. लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार करून त्याला ०.५२ ने गुणलं की आकारमान मिलिलिटरमध्ये येतं. चार सेंमीची गोल गाठ सुमारे ३३ मिली भरते आणि पाच सेंमीची ६५. म्हणजे एक सेंटिमीटर वाढला तर गाठ दुप्पट झाली. याउलट दोन-तीन मिलिमीटरवरून काहीच ठरवता येत नाही.

आता ‘फसलं का’ याबद्दल. डोळ्यांना दिसतं तेवढंच सर्जन काढू शकतात. पाळी सुरू राहिली की आजाराला खतपाणी मिळत राहतं. ऑपरेशननंतर औषध न घेतल्यास दोन वर्षांत साधारण पाचातल्या एकीला आणि पाच वर्षांत शंभरातल्या ४० ते ५० जणींना आजार पुन्हा डोकं वर काढतो. तुम्हाला दिलेली इंजेक्शनं अंडाशयाला तात्पुरतं झोपवतात. त्यांचा असर संपला, पाळी आली, आणि पुढचे महिने अंडाशय उघड्यावर राहिलं. चूक शोधायचीच असेल तर ती इथे आहे. लगेच मूल नको असलेल्या स्त्रीला चॉकलेट सिस्टच्या ऑपरेशननंतर दीर्घकाळ हार्मोनचं औषध द्यावं, असं युरोपातल्या ‘एश्रे’ या संस्थेची २०२२ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. हे औषध चालू असेपर्यंतच राखण करतं. थांबवलं की धोका पूर्वीइतकाच.

हॉस्पिटलमधून डिस्चार्ज कार्डाबरोबर ऑपरेशन नोट आणि बायॉप्सीचा रिपोर्टही मागून घ्या. नोटमध्ये ‘सिस्टेक्टॉमी’ असेल तर गाठीचं आवरण सोलून काढलं आहे. ‘ड्रेनेज’ किंवा ‘अ‍ॅस्पिरेशन’ असेल तर नुसतं आतलं रक्त उपसलं आहे, आवरण तसंच आहे, आणि अशी गाठ लवकर भरते. हा एक शब्द पुढचा सगळा विचार बदलतो.

दुसऱ्या ऑपरेशनची घाई नको, कारण आवरण सोलताना त्याला चिकटलेला चांगला भागही निघतो आणि त्यात बीजं असतात. दुसऱ्यांदा चिकटलेलं जास्त असतं, म्हणून नुकसानही जास्त. तरीही काही वेळा ऑपरेशनच योग्य असतं: औषध घेऊनही दुखणं आटोक्यात नाही, गाठ भराभर वाढते आहे, गाठीत घट्ट भाग आणि त्यात रक्तप्रवाह दिसतो, किंवा मूत्रनलिकेवर (किडनीतून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीवर) दाब आला आहे. या शेवटच्या प्रकारात किडनी काहीही न दुखता सुजत जाते. म्हणून प्रत्येक सोनोग्राफीत दोन्ही किडन्या बघून घ्या.

सीए-१२५ या रक्ततपासणीचा आकडा वाढलेला दिसला तर कॅन्सरच्या भीतीने झोप उडवून घेऊ नका. एंडोमेट्रिऑसिसमध्ये तो बऱ्याचदा वाढतो आणि पाळीच्या दिवसांत आणखी वाढतो. अंडाशयाच्या कॅन्सरची आयुष्यभरातली शक्यता पाश्चात्त्य आकडेवारीत साधारण शंभरात १.३ आहे. एंडोमेट्रिऑसिस असेल तर ती थोडी वाढते, तरी दोनच्या आत राहते.

डायनोजेस्ट २ मि.ग्रॅ. ही हार्मोनची गोळी सुरू करून सात आठवडे झाले. रोज थोडं थोडं अंगावरून जातं, चिडचिडही होते. सासूबाई म्हणतात, पाळी अडवली की घाण आत साठते. बंद करू का? (मुलुंड)

सात आठवड्यांत निकाल लावू नका. या गोळीने गर्भाशयाचं अस्तर पातळ होतं आणि सुरुवातीला ते जागोजागी सुटत राहतं. म्हणून डाग पडतात. बहुतेकींना तीन महिन्यांनंतर ते कमी होतं. सासूबाईंची भीती समजण्यासारखी आहे, पण साठायला आत काही तयारच होत नाही, हे त्यांना शांतपणे सांगा. मात्र तासाला एक पॅड भिजत असेल किंवा चक्कर येत असेल, तर थांबू नका, डॉक्टरांना गाठा.

डाग पडत राहण्याचं एक कारण बऱ्याचदा गोळीच्या वेळेत सापडतं. सकाळी ८.१२ची लोकल गाठायच्या घाईत गोळी कधी सातला, कधी ऑफिसात अकराला घेतली जाते. त्यापेक्षा रात्री जेवणानंतरची वेळ बांधून घ्या आणि मोबाइलला गजर लावा. विसरलात तर आठवताक्षणी घ्या. घेतल्यावर तीन-चार तासांत उलटी किंवा जुलाब झाले तर दुसरी गोळी घ्यावी लागते. एक पाकीट संपलं की दुसऱ्या दिवशी पुढचं सुरू, मध्ये सात दिवसांची सुट्टी नाही. गर्भनिरोधक गोळ्यांच्या सवयीने ही सुट्टी घेणाऱ्या खूप जणी आहेत आणि त्यात सगळा फायदा वाया जातो. एक पाकीट नेहमी जास्तीचं ठेवा. ही गोळी गर्भनिरोधक म्हणून दिली जात नाही, तेव्हा गरज असेल तर निरोध वापरा.

मुंबईत आवर्जून सांगायलाच हवं असं एक: टीबीच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन या गोळीचा परिणाम बराच कमी करतं. फिट्सवरची फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनही तेच करतात. टीबीचे उपचार सुरू झाले तर छातीच्या डॉक्टरांना हार्मोनच्या गोळीबद्दल आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना टीबीच्या गोळ्यांबद्दल सांगा. दोघांना एकमेकांचं माहीत असेल असं गृहीत धरू नका.

चिडचिड हा कानामागे टाकायचा त्रास नव्हे. दोन-तीन आठवडे सलग उदास वाटत असेल, रडू येत असेल, तर औषध बदलून मागा. जिवाचं बरंवाईट करायचे विचार आले तर त्याच दिवशी सांगा. पर्याय आहेत. नोरएथिस्टेरॉन ही दुसरी हार्मोनची गोळी आहे. एकत्रित गर्भनिरोधक गोळ्या सलग घेता येतात, पण ऑरासह मायग्रेन (डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकणं), उच्च रक्तदाब, रक्ताच्या गुठळीचा इतिहास किंवा पस्तिशीनंतर धूम्रपान असेल तर त्या नकोत. लेव्होनॉरजेस्ट्रेलची ‘हार्मोनची कॉपर-टी’ म्हणतात ती बसवता येते (त्यात कॉपर नसतं, नाव तेवढं रुळलं आहे). तिच्यामुळे दुखणं छान कमी होतं, मात्र बीज तयार होणं पूर्ण थांबत नाही, म्हणून साध्या पाण्याच्या गाठी अधूनमधून दिसू शकतात. त्या दिसल्या म्हणून ती काढून टाकू नका. डायनोजेस्ट वर्षानुवर्षं घेणार असाल तर हाडांकडे लक्ष ठेवा आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. सकाळी ट्रेनमध्ये आणि दिवसभर एसीत असणाऱ्यांना ऊन मिळतं कुठे?

लेक २२ वर्षांची. ऑपरेशन झालं, तरी पाळीत लोळते. पोटावरून केलेली सोनोग्राफी नॉर्मल आहे. नातेवाईक म्हणतात लग्न करून टाका, मूल झालं की बरं होईल. (गिरगाव)

मूल होणं हा या आजाराचा उपचार नाही. गरोदरपणात पाळी बंद असते, म्हणून दुखणं निवळतं. पाळी परतली की बहुधा तेही परततं. या सल्ल्यापायी मुलीचं लग्न उरकू नका, हे अगदी कळकळीने सांगतो.

पोटावरून केलेली सोनोग्राफी मोठी गाठ दाखवते. चिकटलेले अवयव आणि खोलवर रुजलेला आजार तीत सुटतो. शरीरसंबंध आलेले नसतील तर आतून सोनोग्राफी करत नाहीत. अशा वेळी ओटीपोटाचा एमआरआय किंवा गुदद्वारातून सोनोग्राफी करता येते. तपासणी नॉर्मल आली म्हणजे मुलगी नाटक करते असं नाही. आणि सलग गोळ्यांनी वंध्यत्व येत नाही. थांबवल्यावर साधारण एक-दोन महिन्यांत बीज पुन्हा तयार होऊ लागतं.

दोन्ही बाजूंना गाठी असतील आणि दुसऱ्या ऑपरेशनची वेळ आलीच, तर त्याआधी बीजं गोठवून ठेवण्याबद्दल विचारा. २०२१च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान (एआरटी) कायद्यानुसार २१ ते ५० वयाच्या स्त्रीला, अविवाहित असली तरी, ही सेवा घेता येते. केंद्र नोंदणीकृत आहे ना, एवढं बघा. खर्च झेपत नसेल तर केईएम, नायर, सायन या पालिका रुग्णालयांच्या स्त्रीरोग ओपीडीत आधीची सगळी फाइल घेऊन जा. सकाळी लवकर गेलेलं बरं.

वय ३६, एएमएच (अंडाशयात किती बीजं उरली याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ०.९. दोन वर्षं मूल हवं आहे. उजवीकडे पुन्हा ४ सेंमीची चॉकलेट सिस्ट. आधी ऑपरेशन की आयव्हीएफ? (बोरिवली)

तुमच्या आकड्यांवरून आधी ऑपरेशन करणं बहुधा तोट्याचं. आयव्हीएफआधी गाठ काढल्याने मूल होण्याची शक्यता वाढत नाही, उलट हाती येणारी बीजं कमी होतात. दुखणं असह्य असेल, गाठ संशयास्पद असेल, किंवा गाठ आड येऊन बीजं काढायची सुई त्यांच्यापर्यंत पोहोचत नसेल, तर गोष्ट वेगळी. गाठ जिरवण्यासाठी डायनोजेस्ट घेत महिने घालवू नका. ती चालू असताना दिवस राहण्याची शक्यता फार कमी असते. पतीची वीर्यतपासणी झाली नसेल तर ती याच आठवड्यात करा. बीजं काढल्यानंतर ताप आला किंवा ओटीपोट दुखू लागलं तर त्याच दिवशी केंद्रात जा. सुई गाठीत गेली तर तिथे पू होऊ शकतो.

गाडीत अचानक जोरात दुखलं तर कसं ओळखायचं की हे नेहमीचं नाही? (ठाणे)

एकाच बाजूला एकदम कळ येऊन उलटी झाली, तर अंडाशयाला पीळ बसलेला असू शकतो. गाठ पाच सेंमीच्या वर असेल तर ही शक्यता जास्त. पिळामुळे रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत अंडाशय हातचं जाऊ शकतं. गाठ फुटली तर कळ पोटभर पसरते, कधी खांदा दुखतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. पुढच्या स्टेशनला उतरा, स्टेशन मास्तरांना सांगा, १०८ला फोन लावायला लावा. पाळी चुकलेली असेल तर तेही सांगा, कारण गर्भनलिकेत राहिलेल्या गर्भानेही असंच दुखतं. कळ दाबणारी गोळी घेऊन घरापर्यंत तग धरू नका. थंडी-ताप येऊन ओटीपोट दुखत असेल तर तेही त्याच दिवशी दाखवायचं.

नेहमीच्या दुखण्यावर मेफेनॅमिक अ‍ॅसिड किंवा नेप्रोक्सेन पाळीच्या आदल्या दिवसापासून, काही खाऊन, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत घ्या. कळ टिपेला गेल्यावर घेतलेली गोळी फारसं काम करत नाही. अल्सर, किडनीचा आजार किंवा दमा असेल तर विचारल्याशिवाय नको. मेफेनॅमिकनंतर अंगावर पुरळ आणि ताप आला तर गोळी लगेच बंद करून डॉक्टरांना दाखवा. याबद्दल इंडियन फार्माकोपिया कमिशन या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने २०२३मध्ये इशारा दिला आहे.

गहू आणि दूध बंद केलं तर गाठ विरघळते का? (परळ)

नाही. कुठल्याही पथ्याने चॉकलेट सिस्ट विरघळत नाही. एखाद्या पदार्थाने पोट फुगून दुखणं वाढत असेल तर तेवढा महिनाभर टाळून पाहा, फरक पडला नाही तर पुन्हा खा. गाठ विरघळवणारा काढा घेत असाल तर बाटली डॉक्टरांना दाखवा. अंगावरून जास्त जात असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासा.