ग्रील, गांडूळखत आणि रात्री नऊची चर्चा

"ताई, मी ५२ वर्षांचा. सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीत राहतो. सुतारकाम, रंगकाम, बारीकसारीक वेल्डिंग मी स्वतः करतो, त्यात मन रमतं. पण गेली दोन-तीन वर्षं डोळे उघडले की मोबाइलवर राजकारणाच्या बातम्या, रात्री नऊला टीव्हीवरची चर्चा आणि मधल्या वेळात ग्रुपवर वाद. बाल्कनीची ग्रील मार्चपासून अर्धी रंगवून पडली आहे. आम्ही तिघांनी सोसायटीत गांडूळखताचा हौद सुरू केला होता. निवडणुकीच्या दिवसांत ग्रुपवर माझं आणि त्यातल्या एका मित्राचं कडाक्याचं भांडण झालं आणि हौदही बंद पडला. बायको म्हणते, बातम्या बंदच करा. पण माझे वडील रोज पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचे. बातम्या सोडल्या तर नागरिक म्हणून हात झटकल्यासारखं वाटतं. काय करू?"

प्रिय भाऊ,

वहिनींचं निम्मं ऐका. रात्री नऊची चर्चा बंद करा, आजपासून. पेपर बंद करू नका.

तुमच्या वडिलांचा उल्लेख वाचून मी थांबले, कारण आमच्याकडेही असंच होतं. पण तेव्हाचा पेपर संपायचा. अग्रलेख झाला, शेवटचं पान झालं की घडी घालून ठेवायचा आणि माणूस कामाला लागायचा. वडील वाचत होते ते घरातल्यांना कळावं म्हणून, कुणाला हरवण्यासाठी नव्हे. तुम्ही जे करता त्यात वाचन थोडं आणि चिडणं जास्त आहे, असं पत्रावरून तरी दिसतं. वडिलांचा वारसा चालवायचा असेल तर संध्याकाळी अर्धा तास पेपर घेऊन बसा आणि वहिनींना दोन बातम्या खरोखर वाचून दाखवा.

माझाच एक अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी जुन्या खुर्च्यांना पॉलिश करायला बसले आणि खाली रद्दी पसरली. पॉलिश पेपर घासता घासता नजर खाली जायचीच. दोन महिन्यांपूर्वीचे ते मोठे मथळे, कोण कुणाला काय म्हणालं, कुणी कसं उत्तर दिलं! त्या दिवशी त्यावरून मी घरात तावातावानं बोलले होते. आता त्यातलं काहीही आठवत नव्हतं. पण आतल्या पानाच्या कोपऱ्यात चार ओळींची बातमी होती : आमच्या भागातल्या रस्त्याच्या आखणीवर हरकती-सूचना द्यायची मुदत. ती केव्हाच उलटून गेली होती. रोज तीन तास बातम्या पाहणाऱ्या मला, जिथे माझी सही लागणार होती ती एकच बातमी दिसली नव्हती. लाकडाच्या भुशानं ती ओळ अर्धी झाकली होती, अजून डोळ्यांसमोर आहे.

तेव्हापासून मला वाटतं, कोणती बातमी धरून ठेवायची हे हातातल्या कामानं ठरवावं. तुमचा हौदच घ्या. पुणे महापालिका गांडूळखत, सौर ऊर्जा किंवा पावसाचं पाणी जिरवणं यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर मिळकतकरातल्या सर्वसाधारण करात ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सवलत देते. प्रकल्प चालू असेल तर, बंद हौदाला नाही. ओला-सुका कचरा वेगळा करणं २०१६ च्या घनकचरा नियमांनी सगळ्यांवर बंधनकारक केलं. पुण्यात २००६ पासून महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांना आपल्या भागातली कामं सुचवता येतात. हे सगळं राजकारणच आहे. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं प्रशासकांनीच कारभार पाहिला. त्या काळात मुंबईत कोण कुठल्या गटात गेलं हे तुम्हाला तोंडपाठ असेल. पण तुमच्या प्रभागातला पैसा कुठे खर्च करायचा हे कोण ठरवत होतं, हे तुम्ही कुणाला विचारलंत? दोष देत नाही. मीही विचारलं नव्हतं.

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं छोटं गाव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्यांची. त्या गावात अभ्यासगट आहे. लोक बसतात, विषय समजून घेतात, आणि निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीनं होतो. २००६ चा वनहक्क कायदा त्यांनी बारकाईनं समजून घेतला, कारण समोर त्यांचं जंगल होतं आणि त्यात त्यांचा बांबू होता. २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतुकीचे परवाने वनखात्याकडेच होते, म्हणून ते आणखी झगडले. २०११ मध्ये परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं, तेव्हा केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः गावात गेले होते. दिल्लीतला कायदा या लोकांना आपल्यापेक्षा जास्त कळला होता, कारण त्यांचे हात बांबूत होते.

अर्थात सगळ्या बातम्या अशा हातात धरण्यासारख्या नसतात. संसदेत काय मंजूर झालं, राज्याच्या अर्थसंकल्पात काय आहे, यावर उद्या सकाळी तुम्हाला काही करायचं नसतं, तरी ते कळायलाच हवं. मत देताना तेच कामी येतं. त्यासाठी पेपरचा अर्धा तास पुरतो. मोबाइल मात्र सकाळी पहिला तासभर दुसऱ्या खोलीत राहू द्या. तो तास हाताच्या कामाचा.

आता मित्राचं. पत्रातलं सगळ्यात दुखरं हेच आहे, आणि तुम्ही ते एका वाक्यात उरकलंत. फोन करू नका, मेसेज तर मुळीच नको. रविवारी सकाळी त्यांच्या दारात जा. "झालं गेलं विसरा" असं म्हणू नका, त्यांनी का विसरावं? त्या दिवशी तुम्ही जे एक वाक्य लिहायला नको होतं (ते कोणतं, हे तुम्हाला माहीत आहे) त्याबद्दल सरळ माफी मागा. मग म्हणा, "हौद उघडायचाय, येता का?" त्यांनी मत बदलावं अशी अपेक्षा ठेवू नका, तुम्हीही बदलू नका. दोन वेगवेगळ्या पक्षांना मत देणारी माणसं एकाच घमेल्याला दोन बाजूंनी हात लावू शकतात, हे मी आमच्या गल्लीत वर्षानुवर्षं बघते आहे. ते नाही म्हणाले तर चहा न घेता परत या आणि तिसऱ्या मित्राबरोबर काम सुरू करा. ते गॅलरीतून बघतील. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारा. हौदासाठी वेगळा ग्रुप काढा. त्यात फक्त कुणाची पाळी आणि पाला किती, एवढंच.

हौद इतके महिने बंद आहे म्हणजे आतली गांडुळं बहुधा राहिली नसतील. वरचा वास मारणारा थर काढा, खालचं काळं झालेलं खत चाळून कुंड्यांना घाला. मग तळाशी नारळाच्या शेंड्या, त्यावर सुका पाला, त्यावर अर्धवट कुजलेलं शेणखत, आणि मग नवी गांडुळं. ताजं शेण नको, ते तापतं. लिंबाच्या साली आणि तेलकट उरलंसुरलं पहिले दोन महिने अजिबात टाकू नका. वास आला की पाणी जास्त झालंय असं समजून पाला वाढवा.

आणि ग्रील. मार्चपासून उघडी आहे म्हणजे न रंगवलेल्या अर्ध्या भागावर गंज चढला असेल. तो पॉलिश पेपरनं लोखंड दिसेपर्यंत घासा, रेड ऑक्साइडचा एक हात द्या आणि पुरता वाळू द्या. पावसाळी हवा असेल तर दोन दिवस थांबा, घाई करू नका. खाली रद्दी पसरालच. आतली पानं वरच्या बाजूला ठेवा.

तुमची,
ताई